बाविसावा डबा

“अलगद हं मावशी, त्या घड्याळाच्या डब्याचा रंग नखानंसुद्धा निघेल,” संग्रहालयाच्या बाई भट्टीमास्तरांच्या बायकोला म्हणाल्या आणि मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

दुखणं जुनं होतं. बिस्किटांच्या कारखान्यात मास्तरांनी बावीस वर्षं भट्टी सांभाळली. त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तेवढीच वर्षं त्याच कारखान्यात डब्यांवरची चित्रं काढत होते. वर्षाला एक नवा डबा निघे. कधी घड्याळाचा मनोरा, कधी पुस्तकांची चळत, कधी दुमजली बस. मालक आधी डबा पसंत करत आणि मग भट्टीकडे येत. “मास्तर, यंदा बिस्किट जरा अरुंद करा. मनोऱ्यात मावत नाही.”

मास्तर अरुंद करत. बिस्किटं आठवड्यात फस्त होत. डबा मात्र घरात ठाण मांडून बसे. त्यात बटणं जात, औषधं जात, जुनी पत्रं जात. मास्तरांच्या स्वतःच्या घरात साडूंचे बावीस डबे होते आणि मास्तरांचं म्हणावं असं काहीच नव्हतं. एक मुलगी होती, पण तीही साडूंच्या बायकोच्या, म्हणजे तिच्या मावशीच्या वळणावर गेली होती.

आता ते डबे प्रदर्शनात निघाले होते. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून ओळीनं मांडले होते. कुठला डबा कुठल्या सालचा ते सांगायला साडू मुद्दाम आले होते. कुणी कौतुक केलं की ते मान खाली घालत. ही मान मास्तरांना सगळ्यांत जास्त झोंबे.

“पूर्वी बिस्किटं खोक्यातून सुटी विकायचे,” बाई उत्साहानं सांगत होत्या. “ती सादळायची, म्हणून पत्र्याचा डबा आला. मग त्यावर कागद चिकटवायला लागले. पुढे पत्र्यावरच चित्र छापता यायला लागलं, आणि मग काय, डब्यांचे आकारच बदलले!”

“म्हणजे डबा बिस्किटांसाठी आला,” मास्तर म्हणाले, “आणि मग बिस्किटं डब्यासाठी भाजायला लागले.”

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

तेवढ्यात मास्तरांची बायको कपाटावरून शेवटचा डबा घेऊन आली. त्यावर तळं होतं, तळ्यात होडी होती. डबा जड होता आणि झाकणाच्या कडेनं कारखान्याची कागदी पट्टी अजून तशीच होती.

बाई उभ्याच राहिल्या. “सील शाबूत? असा डबा मी जन्मात पहिल्यांदा बघतेय! हा मधोमध ठेवायचा, काचेत, एकटा. आणि खाली काकांचं नाव.”

काका म्हणजे साडू. साडूंनी मान खाली घातली.

“आतल्या मालाचं काय?” मास्तरांनी विचारलं.

“आतलं कुठे दिसतंय, काका?”

“भाजलं कुणी, तेही लिहा की.”

“लिहिलं असतं हो. पण प्रदर्शन डब्यांचं आहे.”

मास्तरांनी डबा पुढ्यात ओढला आणि पट्टीखाली अंगठा घातला.

“अहो, काय करताय!” बायको ओरडली.

“दिसत नाही म्हणतात ना? दाखवतो.”

“काका, नको! त्याची सगळी किंमत त्या पट्टीत आहे!”

पट्टी टर्रकन फाटली. तिच्याबरोबर होडीचं शीडही गेलं. मास्तरांना कित्येक वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. त्यांनी साडूंकडे पाहिलं. साडू शिडाकडे बघतच नव्हते.

“तो डबा ताईकडे द्यायचा होता,” बायको म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “तुमच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. निदान या वर्षी तरी भाऊजींकडे एक डबा जाऊ दे म्हटलं, तर तुम्ही काय म्हणालात? त्यांच्याकडे डब्यांचा काय तोटा! मग मीही ठरवलं, ताईला नाही तर कुणालाच नाही. अकरा वर्षं वर ठेवून दिला.”

खोलीत लोण्याचा आणि व्हॅनिलाचा मंद वास पसरला होता. थोडा खवट, पण वास तोच. साडू उठले. त्यांनी डब्यातलं एक बिस्किट उचललं, फुंकर मारली आणि चावलं. कट्ट आवाज झाला. बिस्किटाचा की दाताचा, ते कळलं नाही.

“अहो साडूभाऊ, अकरा वर्षांचं आहे ते!” मास्तर घाबरून म्हणाले. “पोट बिघडेल. ताजं कधी खाल्लं नाहीत की काय?”

“कुठून खाणार? आम्हाला नमुन्याला रिकामा डबा यायचा.”

“मग दुकानातून आणायचं!”

“घरचा साडू भट्टीवर असताना विकत आणायचं? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.” साडू सावकाश चावत होते. “म्हटलं, तुम्ही आणाल कधीतरी.”

बायकोनं तोंड फिरवलं. शेवटी मास्तरांनी, इतक्या वर्षांत कधीही न विचारलेलं, विचारलं.

“कसं झालंय?”

साडूंनी घास गिळला. टेबलावरचं घड्याळ, पुस्तकं, बस, तळं, सगळ्या ओळीवरून त्यांची नजर एकदा फिरली.

“चव कशी असेल याचा अंदाज बांधून चित्र काढायचो, मास्तर. बावीस वेळा काढलं. एकदाही जमलं नाही.”