छत्र्यांचं गाणं

"लोक उठून गेले, की गाणं मेलं," इर्मा म्हणाली होती. "मग ते रेकॉर्डवर घालायचं नाही. कबूल?"

लुआना तोंडभर कबूल म्हणून बसली होती, आणि आता रविवारी दुपारी चार वाजता, नाचघराच्या लाकडी मंचावर माईक धरून स्वतःच्याच जिभेला शिव्या घालत होती. रेकॉर्डवरची बाकीची दहा गाणी तिने बेधडक गायली होती. आजोबांच्या काळातली ती गोडगोड गाणी तिने गिटारच्या दणदणाटात अशी काही सोलून काढली होती, की मिलानची रेकॉर्ड कंपनीची मंडळी खूश होती. पण हे अकरावं तिच्या आईचं, इर्माचं होतं. म्हणजे लिहिलं दुसऱ्याच कुणी, गाजवलं तिसऱ्याच कुणी. इटलीतल्या रोमान्याच्या या किनारपट्टीवर मात्र तीस वर्षं दर रविवारी ते गायलं इर्माने, याच मंचावरून. मोसम संपला की वाळूतल्या छत्र्या मिटून ठेवतात, त्याचं गाणं. संथ वॉल्ट्झ. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. लुआनाने त्याचा ठेका सरळ दोनाचा केला होता आणि वेग दुप्पट.

"छत्र्यांचं गाणं!" तिने नाव घेतलं आणि चाळीस जोडपी खुशीत नाचाच्या जमिनीवर उतरली. पुरुषांनी बायकांच्या पाठीवर हात टेकले. पुढच्याच टेबलाशी इर्मा मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती.

नीकोने ड्रमवर पहिली थाप मारली आणि घोटाळा झाला. वॉल्ट्झसाठी उचललेला म्हाताऱ्या प्रिमोचा पाय हवेतच राहिला. कुणी कुणाच्या बोटांवर पाय दिला, कुणी कुणावर आपटलं. दोन ओळी त्यांनी कशाबशा रेटल्या. मग एक जोडपं बाहेर पडलं. मग तीन. मग रांगच लागली. म्हातारी तोस्का, जी आपल्या बहिणीला धरून नाचघर बंद होईपर्यंत जमीन सोडत नाही असं सगळा गाव सांगतो, तीसुद्धा पाठ फिरवून खुर्चीकडे गेली.

मंचावरून लुआनाला नुसत्या वाकलेल्या पाठी दिसत होत्या. प्रत्येक जण खुर्चीखालून आपली कापडी पिशवी ओढत होता. सामान आवरून निघालेच की!

अशी वेळ आलीच तर काय करायचं, हे बँडशी ठरलेलं होतं. लुआनाने डावा हात वर केला, की सगळ्यांनी जुन्या वॉल्ट्झवर यायचं. तिने हात वर केला. नीकोने होकारार्थी मान हलवली.

"हात खाली कर!"

माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज अजून शाबूत होता. इर्मा उभी राहिली होती.

"आई, अगं निघाले ते!" लुआना माईकमध्येच ओरडली.

"कुठे निघाले? डोळे फुटले का तुझे? बूट बदलतायत!"

लुआनाने नीट पाहिलं. तोस्काने उंच टाचांचे बूट टेबलाखाली भिरकावले होते आणि पिशवीतून काढलेल्या बसक्या, पट्ट्याच्या बुटांचं बक्कल ती दात-ओठ खाऊन लावत होती. प्रिमो एक पाय खुर्चीवर ठेवून नाडीची दुहेरी गाठ मारत होता.

"पोल्का आहे रे हा, दोनाच्या ठेक्याचा!" तो सगळ्यांना सांगत सुटला. "पोरीने फसवलं आपल्याला, पण पोल्काच आहे!"

"मग त्या ढोलवाल्याला म्हणावं, झोपू नकोस!" तोस्काने ओरडून सांगितलं आणि बहिणीला खेचत तीच सगळ्यांत आधी मैदानात उतरली.

मग जे सुरू झालं ते लुआनाने कुठल्याच मोठ्या शहरात पाहिलं नव्हतं. चाळीस जोडपी भिंतीकडून भिंतीकडे भन्नाट सुटली. फळ्या दणाणल्या. टेबलांवरचे दारूचे पेले किणकिणायला लागले आणि वेटरने दोन्ही हातांनी केकची ताटली छातीशी धरली. गिरक्या घेता घेता मंचासमोरून जाताना तोस्का दर वेळी नीकोला डिवचत होती. "एवढंच जमतं का रे बाळा? माझा नवरा वारून नऊ वर्षं झाली, तरी तो तुझ्याहून जोरात आहे!" नीकोचा शर्ट पाठीला चिकटला होता. पंचविशीचा गडी, सत्तरीच्या पायांमागे धापा टाकत धावत होता. लुआनाला इतकं हसू आलं की अख्खं एक कडवं तिच्या हातून सुटलं. ते नाचघरानेच म्हणून टाकलं, पुढचंही त्यांनाच म्हणायचं होतं. तिला आनंदाने रडावंसं वाटत होतं. गाणं जिवंत होतं! चांगलं लाथा झाडत होतं!

तिने आईकडे पाहिलं. टेबलावर नुसती पर्स होती.

इर्मा नाचाच्या जमिनीच्या काठाशी उभी होती आणि प्रिमो तिच्यापुढे वाकून हात पुढे करून उभा होता.

"या बुटांत?" इर्मा म्हणाली. "माझ्याकडे नाचायचे बूट नाहीत, प्रिमो. कधी लागलेच नाहीत. तीस वर्षं तुम्हांला नाचवलं, मला कुणी विचारलं होतं?"

"तू गात होतीस. विचारणार कसं?"

इर्माने उभ्या उभ्याच दोन्ही बूट पायांतून उडवले आणि मोज्यांवरच पाऊल टाकलं.

शेवटचं कडवं संपत आलं. बँडने लुआनाकडे पाहिलं. तिने हवेत बोट फिरवलं, पुन्हा पहिल्यापासून, आणि नीकोने कळवळून देवाचं नाव घेतलं. आता सगळं नाचघर एका सुरात गात होतं, मिटलेल्या छत्र्या, ओली वाळू, सगळं. त्या गर्दीत इर्मा मोज्यांवर घसरत, भोवऱ्यासारखी फिरत होती. फक्त तिचेच ओठ मिटलेले होते; आज ती नुसती नाचत होती.