नॉर्वेकरांची परवानगी

"कोणाला खरं वाटायचं नाही, पण तो नॉर्वेचा माणूस मला काल भाट्याच्या पुलाखाली भेटला," आप्पा म्हणाले.

उल्काने मान वर केली नाही. कोर्टात टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले सासरे गोष्टी सांगू लागले की ती काम न थांबवता ऐकायची. आजचं काम मात्र त्या नॉर्वेच्या माणसापाशीच अडलं होतं.

हर्णेच्या होड्यांसाठी भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम तयार होता. सीडी पाचच्या एसटीने मुंबईला जायची. तिथल्या कंपनीची एकच अट होती: इंटरनेटवरच्या भांडारातून कोणाचा कोड उचलला असेल, तर त्या माणसाने 'खुशाल वापरा' असं लिहिलेली लायसन्सची फाइल सोबत हवी. नाहीतर काम रद्द. वर्षभरात आलेलं हे एवढंच काम. तशा फायली शोधायला उल्काने एक छोटा प्रोग्रॅमच लिहिला होता. सगळ्या फोल्डरांत त्या सापडल्या. फक्त भरतीचं गणित होतं त्या फोल्डरात नाही. ते लिहिणारा नॉर्वेचा माणूस मेलला उत्तर देत नव्हता. मोडेम जोडून जोडून ती थकली.

"लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून पाणी मोजत होता," आप्पा सांगत होते. "म्हटलं, अहो नॉर्वेकर, आमची सून तुमच्या फायलीपायी धड जेवत नाही. घरी आणला. बरका फणस दिला पुढ्यात. अख्खा खाल्लान्, आठळ्यांसकट!"

"आठळ्यांसकट," सलिल म्हणाला. हा उल्काचा नवरा. सीडीच्या डबीवर लेबल चिकटवत बसला होता. "आणि आम्ही कुठे होतो, आप्पा?"

"बँकेत गेला होतात. हात पुसलान् आणि ह्याच खुर्चीत बसून परवानगी टाइप केलीन्. परत शोध लावून बघ गो."

आप्पा गप्प बसावेत म्हणून उल्काने शोध परत लावला. पडद्यावर ओळी सरकत गेल्या. भरतीच्या फोल्डरासमोर 'सापडली' असं आलं.

सलिल उठून उभा राहिला. "आहे? मग कर ना सीडी राईट! साडेचार वाजले."

"उघडून बघते."

"कशाला? मशीन म्हणतंय आहे. मुंबईवालेही हेच चालवून बघणार."

"ते काय नॉर्वेला जातायत विचारायला?" आप्पा म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

उल्काचे डोळे चुरचुरत होते. एक बटण दाबलं की आत जाऊन आडवं होता आलं असतं.

तिने फाइल उघडली. इंग्रजी चोख. स्पेलिंगची एक चूक नाही. देणाऱ्याचं नाव, गाव, सगळं जागच्या जागी. ती शेवटपर्यंत वाचत गेली, मग परत पहिल्या ओळीवर आली.

मग ड्राइव्हमधली कोरी सीडी तिने काढली आणि सलिलच्या हातात दिली.

"आप्पा, तो नॉर्वेचाच होता ना?"

"म्हणजे काय! गोरापान."

"मग कागदाच्या वर मधोमध 'श्री' कसं घातलंन् त्याने?"