घरचा पेला

बुटांवर लोकरी सपाता चढवल्याशिवाय संग्रहालय झालेल्या हवेलीच्या दालनात पाऊल टाकायचं नाही, असा नवा नियम होता. सिडोनियाबाईंनी तो पाळला. लाकडी जमीन घासून आरशासारखी केली होती. याच जमिनीवर त्या रांगायला शिकल्या होत्या. आता घसरायची वेळ आली होती.

समोर त्यांच्या आईची शिवणकामाची खुर्ची. खुर्चीपुढे तांबडी दोरी, दोरीवर पाटी : बसू नये.

पहाऱ्याला गावातली बारिका उभी होती.

"बसू का गं?"

"नको हो बाईसाहेब. काल मांजर बसलं, तर मला जाब विचारला."

"मांजर कुणाचं?"

"तुमचंच."

तेवढ्यात संग्रहालयाचे संचालक तिहोमिर भाषणाला उभे राहिले. संत मार्टिनचा सण, नवी वाइन, जमलेला गाव आणि राजधानी झाग्रेबहून आलेले बडे साहेब. ओसाड हवेलीला जीवदान कसं दिलं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मग पांढरे हातमोजे घालून काचेच्या कपाटातून सिडोनियाबाईंच्या द्रेनोवेच्की घराण्याचा पेला काढला आणि तो काठोकाठ भरला.

"आमच्या या घरी आज एक खास पाहुण्या आल्या आहेत," ते म्हणाले. "बाईसाहेब, या. स्वागताचा पेला आपल्या हातून रिता होऊ दे."

गावकरी एकमेकांकडे पाहू लागले. गावात रीत पोराटोरांनाही ठाऊक होती. घरात जो पहिल्यांदा पाऊल ठेवतो, त्याला यजमान हा पेला देतो. तो रिता होईपर्यंत माणूस परका. रिता केला की घरचा. सिडोनियाबाईंच्या वडिलांनी याच पेल्यातून बिशपपासून घोड्यांच्या दलालापर्यंत सगळ्यांना पाजली होती. घरच्यांना कधीच नाही. घरच्यांना साधे ग्लास.

बाईंची कानशिलं तापली. पेला जमिनीवर आपटावा, असं क्षणभर वाटलं. पण पेला वडिलांचा होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"संचालकसाहेब, तुम्ही इथं कधी आलात?"

"झाली की तीन वर्षं."

"पेला कुणी दिला तुम्हाला?"

तिहोमिर हसले. "कोण देणार? घर रिकामंच होतं."

"फाटकाशी, माळ्याच्या खोलीत, मी होते. रोज सकाळी तुमच्या गाडीला फाटक कोण उघडत होतं?"

बाईंनी पेला त्यांच्यापुढे धरला.

"तीन वर्षं परक्यासारखे वावरलात. घ्या."

मागून एक म्हातारा ओरडला, "रिता करा." मग आणखी दोघं. मग सगळा गाव टाळ्यांचा ठेका धरून तेच म्हणू लागला. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं वाटून झाग्रेबच्या साहेबांनीही टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिहोमिर यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा गावाकडे, आणि हातमोजे न काढताच पेला तोंडाला लावला. वाइन आंबट होती. शेवटच्या घोटापर्यंत बाई यजमानाने उभं राहावं तशा त्यांच्यासमोर ताठ उभ्या होत्या.

"आता दार न वाजवता येत जा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पायातल्या सपाता काढल्या, दोरी बाजूला केली आणि आईच्या खुर्चीत बसल्या.

"बारिका, पाहुणे किती वेळ उभे राहतील? त्यांना खुर्च्या दे."

बारिकाने दालनभर नजर फिरवली. उरलेल्या प्रत्येक खुर्चीपुढे दोरी होती.