उष्टावणाचा चमचा

विषाचं युग संपलं, अशी घोषणा राजधानीत झाली. कारखान्यांमागच्या चाळीत ती कोणी ऐकली नाही, कारण त्या दिवशी नळ कोरडे होते आणि सगळे टँकरपाशी भांडत होते. पण घरटी एकेक चमचा मिळाला. अन्नपाण्यात शिसं असलं की दांड्यावर लाल दिवा, नसलं की हिरवा. सरकारी वस्तू असूनही तो चालत होता.

चाळीतलं पहिलं कार्य निघालं ते कल्याणीच्या सहा महिन्यांच्या बाळाच्या उष्टावणाचं. तिचा भाऊ दिगंबर याने खिरीसाठी तांदूळ, दूध, अगदी पाणीसुद्धा गावाहून आणलं होतं. त्याने खिरीत चमचा बुडवला. हिरवा.

"मामांचं काम चोख," कल्याणीची सासू म्हणाली. "भरवा आता."

मामाच्या मांडीवरच्या बाळाने चमचा तोंडात धरला, तो सोडेचना.

"खादाड! मामावरच गेलाय," कोणीतरी म्हणालं.

सगळे हसले. दिगंबरने चमचा ओढून काढला. दिवा लाल होता.

त्याने तो धुऊन पुन्हा खिरीत घातला. हिरवा. बाळाच्या जिभेला लावला. लाल.

"अहो, असं कसं?" सासू म्हणाली. "आजवर पाण्याचा थेंब दिला नाही त्याला. फक्त आईचं दूध."

लग्न होऊन आल्यापासून कल्याणी चाळीतल्या नळाचंच पाणी पीत होती. बाळाला घ्यायला पुढे केलेले हात तिने मागे घेतले.

फोटोवाल्याचं लक्ष कॅमेऱ्यातच होतं.

"ताई, एकच राहिलाय," तो म्हणाला. "बाळाला जरा छातीशी धरा ना."