गंगूबाईंच्या हातातलं वाण

ते १९५६ साल. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. हैदराबादच्या नारायणगुड्यात कुसुमताईंकडे हळदी-कुंकू चाललेलं असताना अमीन हिम्मतराव दोन शिपाई घेऊन दारात उभे राहिले. अमीन म्हणजे ठाण्याचे फौजदार. निजामाच्या वेळचं ते नाव अजून लोकांच्या तोंडून गेलं नव्हतं.

त्यांना कुसुमताईंचा भाचा माधव हवा होता. हैदराबाद राज्य मोडायचं की ठेवायचं यावरून त्या दुपारी आबिड्सला मोर्चा निघाला होता आणि कुणीतरी एका कचेरीच्या काचा फोडल्या होत्या. वरच्या साहेबांना संध्याकाळपर्यंत एक नाव हवं होतं. मोर्चेकऱ्यांच्या जुन्या यादीत माधवचं नाव होतं.

बायका तिळगूळ हातात धरून भिंतीकडे सरकल्या. माधव मागच्या खोलीतून बाहेर आला. तो शिक्षण खात्यात कारकून होता, आणि दुपारभर औरंगाबादकडे बदली मागण्याचा अर्ज लिहीत बसला होता. बोटांना शाई लागलेली होती.

कुसुमताईंनी सांगितलं, पोरगा सकाळपासून घराबाहेर पडलेला नाही. हिम्मतराव म्हणाले, आत्याची साक्ष कोर्टात कोण धरतं? ते खरंच होतं. त्याला घरात पाहिलं होतं ते फक्त आत्याने आणि स्वयंपाकाच्या गंगूबाईंनी. हळदी-कुंकवाच्या दिवशी पुरुषमाणूस पुढच्या खोलीत फिरकत नसे. तिथे जमलेल्या तीस बायकांपैकी एकीलाही माधव त्याआधी दिसलेला नव्हता.

जाताना हिम्मतराव स्वयंपाकघराच्या दारापाशी क्षणभर थांबले. आत गंगूबाई पाटावर बसून तिळाच्या वड्या कापत होत्या. मग ते माधवला घेऊन गेले.

शिक्षा झाली तर माधवची नोकरी जाणार होती. परभणीला त्याची आई आणि लग्नाच्या दोन बहिणी त्या पगारावर होत्या. वकील मुकुंदराव शेजारीच राहत. त्यांनी वकीलपत्र घेतलं, पण कुसुमताईंना आशा दिली नाही. अमीनाच्या शब्दापुढे स्वयंपाकीणबाईचा शब्द टिकायचा नाही, एवढंच म्हणाले.

हिम्मतरावांनी जबाब मुन्शीकडून लिहवून न घेता स्वतःच्या हाताने लिहिला होता. साहेब उत्तरेकडचे होते. त्यांनी तो वाचून शाबासकी दिली, अशी बातमी गल्लीपर्यंत आली.

तारखेच्या आदल्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात हिम्मतरावांनी मुकुंदरावांना गाठलं.

"वकीलसाब, माझा जबाब आखिरपर्यंत वाचा. घाई करू नका."

मुकुंदरावांना ती धमकी वाटली. रागाने त्यांनी रात्री जेवणसुद्धा केलं नाही, आणि जबाब आखिरपर्यंत वाचला.

दुसऱ्या दिवशी हिम्मतरावांनी शपथेवर सांगितलं, की आपण गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. कुसुमताईंकडचं हळदी-कुंकू आटोपून गंगूबाई हातात वाण घेऊन बाहेर पडल्या. त्यांनीच सांगितलं, की माधव आत्ताच धापा टाकत मागच्या दाराने घरात शिरला. त्यांच्या सांगण्यावरूनच आपण त्याला धरलं.

मुकुंदरावांनी शांतपणे विचारलं, "वाण कसलं होतं?"

"बोरं आणि उसाचे करवे. सुपारीही होती."

"बाईंच्या कपाळावर कुंकू होतं?"

"हौ. ताजं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

मग मुकुंदरावांनी गंगूबाईंना पुकारलं. लाल आलवणाचा पदर केस काढलेल्या डोक्यावरून घट्ट ओढून गंगूबाई उभ्या राहिल्या. पती जाऊन किती वर्षं झाली, असं त्यांना विचारलं. बत्तीस, त्या म्हणाल्या.

"त्या दिवशी हळदी-कुंकवाला गेला होतात?"

गंगूबाईंनी एकदा कुसुमताईंकडे पाहिलं. "मला कोण बोलावतंय बाबा? मी आत वड्या कापत होते."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश तेलुगू होते. त्यांच्याही घरच्या बायका पसुपु-कुंकुमाला जात. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी हिम्मतरावांकडे बराच वेळ पाहिलं. अमीन मान खाली घालून उभे होते. जबाब बनावट ठरला आणि माधव त्याच दुपारी सुटला.

माधवची बदली पुढच्या वर्षी औरंगाबादला झाली. दोन्ही बहिणींची लग्नं त्याने केली आणि तो तिथेच मुख्य कारकून होऊन निवृत्त झाला. मुकुंदराव हा किस्सा मरेपर्यंत सांगत. "मराठी माणूस, आणि विधवेला हळदी-कुंकवाला पाठवतो! अक्कल गहाण टाकली होती," असं म्हणून मांडीवर थाप मारत.

गंगूबाईंनी पुढच्या संक्रांतीला पीठ चाळता चाळता कुसुमताईंना म्हटलं, "सरकारी कागदात लिहिलंय, मी तुमच्याकडे हळदी-कुंकवाला येते. मग खरं करा की." त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या. कुसुमताईंनी त्यांना हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं आणि सतरंजीवर बसवलं. चारजणी उठून गेल्या, बाकीच्या बसल्या. गंगूबाई होत्या तोवर दर वर्षी पहिलं वाण त्यांचं असे.

हिम्मतरावांची बढती गेली. खोटा आणि वर मूर्ख, असा शेरा घेऊन ते आदिलाबादच्या जंगलात गेले आणि अमीन म्हणूनच घरी बसले. हैदराबादला परत आल्यावर वर्षभरातच वारले.

कुसुमताई त्यानंतर एकदा मलकपेठेत बारशाला गेल्या, तेव्हा शेजारचं घर हिम्मतरावांचं निघालं. ओट्यावर त्यांची म्हातारी आई बसली होती, कपाळ मोकळं. कुसुमताई बसल्या, ओळख न सांगता. म्हातारी मुलाबद्दल बोलू लागली.

"हिम्मत पोटात होता तेव्हाच हे गेले. दिराच्या घरी राहायचो आम्ही. संक्रांतीला पुढे बायका जमायच्या, मला आत बसवायचे. सगळी पोरं तिळगूळ मागत फिरायची, हा नाही जायचा. माझ्यापाशी बसून वड्या कापायचा, दर वर्षी."