मधलं कुंपण

तीस वर्षं हिल्डा आणि आर्लीन परसातल्या कुंपणावरून वाकून बोलल्या. आर्लीन लेकीकडे ॲरिझोनाला राहायला गेली आणि हिल्डाचं परस मुकं झालं. आज दोघी आपापल्या घरून एकाच फोनवर बुकिंगवालीला धरून बसल्या होत्या. अलास्काच्या जहाजावर बाल्कनीच्या खोल्या हव्या, पण शेजारशेजारच्याच. “माझी ८११४, हिची ८११५,” हिल्डानं ऐटीत सांगितलं. “मॅडम, सम आकडे एका बाजूला, विषम दुसऱ्या. मधे अख्खं जहाज येईल.” “पत्त्यांच्या डावातसुद्धा हिचे आकडे असेच चुकतात,” आर्लीननं टोमणा मारला. हिल्डाचा जीव टांगणीला लागला. “८११६ आहे का बघ, पोरी.” बटणं टकटकली. “शेवटचीच होती. घेतली.” दोघी शाळकरी मुलींसारख्या खिदळल्या. “बाल्कन्यांमधली आडभिंत किल्लीनं उघडते. उघडून ठेवायला सांगू?” मग दोघी एकदमच म्हणाल्या, “नको गं, राहू दे. आम्हाला वाकूनच बोलता येतं.”