पुजलेलं पिस्तूल

"अहो, उठू नका," हेमांगी म्हणाली.

मुरलीधर पाटावर बसला होता. समोर चौरंगावर, झेंडूच्या माळेत, त्याचं तळहाताएवढं पिस्तूल स्टँडवर होतं. तिने नुकत्याच लावलेल्या टिळ्याशेजारी, त्याच्या कपाळावर, लेसरचा लाल ठिपका येऊन थांबला होता.

पिस्तूल लेसरने चेहरा वाचून घरचा माणूस ओळखायचं. समोरच्या परक्यावर आपणहून नेम धरायचं, आणि तो जागचा उठला की गोळी झाडायचं. पिस्तुलाला परक्याचा हात लागला तरीही. दसऱ्याच्या पूजेत हेमांगीने त्याला कुंकू वाहिलं, ते नेमकं लेसरच्या काचेवर पडलं; ठिपका उमटत होता, पण चेहरा वाचला जात नव्हता. आता घरात सगळेच परके होते.

"मग बंद करा ना."

"माझा चेहरा ओळखल्याशिवाय ते बंद होत नाही."

पूजेचा हट्ट त्याचाच होता. आजोबांच्या तलवारीची व्हायची, तर याची का नको, म्हणाला होता. घाम डोळ्यांत उतरत होता.

जिन्यावर पावलं वाजली. खालच्या मजल्यावरचे कर्णिक. दरवर्षी आपट्याची पानं घेऊन पहिले तेच यायचे, मुरलीधरला दंडाला धरून उठवायचे आणि मिठी मारायचे.

"दार लाव," मुरलीधर पुटपुटला. सणाला दार सताड उघडं ठेवायची शिस्तही त्याचीच.

हेमांगी धावली, पण कर्णिक आत आलेही होते.

"काका, थांबा, त्यांना हात लावू नका," ती ओरडली.

कर्णिकांनी कानाचं यंत्र आज घरीच ठेवलं होतं. ते प्रसन्न हसले आणि वाकून त्यांनी मुरलीधरचा दंड धरला.